पाईप मिळतो, जोड मिळत नाही



आज मासळीच्या दराबद्दल नाही आणि जाळ्याच्या वाटपाबद्दलही नाही. आज एल्बो, टी आणि कपलरबद्दल लिहायचंय. हसू नका. गणपती झाले, पाऊस जरा ओसरला की आपल्याकडे प्रत्येक घरी काहीतरी जोडायला निघतं. कुणाला झऱ्याची लाईन नव्याने घालायची असते, कुणाला होडीवर ताडपत्रीचा सांगाडा करायचा असतो, कुणाला मासळी सुकवायला जमिनीपासून उंच मांडव हवा असतो, आणि सुपा जलाशयात पिंजरा असलेल्यांना गंजलेले कोपरे बदलायचे असतात. ही सगळी कामं आपण स्वतःच करतो. प्लंबर बोलावला तर त्याच्या हजेरीपेक्षा येण्याजाण्याचाच खर्च जास्त होतो.

आणि दर वर्षी गाडी एकाच ठिकाणी अडते. पाईप मिळतो. रामनगरला मिळतो, लोंढ्याला मिळतो, खानापूरला तर ढीग पडलेला असतो. पण त्या पाईपला बसणारा जोड मिळत नाही. मिळाला तर ढिला होतो, नाहीतर शिरतच नाही. मग सायकलची ट्यूब गुंडाळा, तार आवळा, चुलीवर पाईपचं तोंड गरम करून फुगवा, हे सुरू. एका पन्नास रुपयांच्या तुकड्यासाठी आख्खा दिवस आणि बसचं भाडं जातं.

माझं म्हणणं थोडक्यात असं की आपल्या संस्थेने दोनच मापं ठरवावीत आणि त्या दोन मापांचे जोड ऑफिसात पेटीत ठेवावेत. सप्टेंबरच्या वार्षिक सभेत हा विषय येणार आहे. संचालकांपैकी काहींना हे पटलेलं नाही, तेही खाली लिहितो. पण त्याआधी मुळात घोळ कुठे आहे ते बघू, कारण बहुतेकांना वाटतं की दुकानदार फसवतो. काही वेळा फसवतो पण असेल. पण बहुतेक वेळा तो बिचारा खरंच सांगत असतो आणि तरीही जोड बसत नाही.

कारण असं आहे. "एक इंची पाईप द्या" म्हटलं तर दुकानात चार वेगवेगळ्या जाडीचे पाईप निघू शकतात आणि चारही एक इंचीच.

शेतीच्या दुकानातला करडा पीव्हीसी पाईप मिलिमीटरवर चालतो. त्याचा आयएस क्रमांक ४९८५. त्यावर ३२ लिहिलेलं असतं ते बाहेरचं माप. लोक त्यालाच एक इंची म्हणतात. घरबांधणीच्या सॅनिटरी दुकानातला पांढरा यूपीव्हीसी, ज्यावर 'शेड्यूल ४०' किंवा 'शेड्यूल ८०' असं लिहितात, तो अमेरिकन मापावर बनतो. त्याचा एक इंची पाईप बाहेरून ३३.४ मिलिमीटर. गरम पाण्याचा पिवळट सीपीव्हीसी एक इंची घेतला तर बाहेरून २८.६. आणि लोखंडी जीआय एक इंची बाहेरून ३३.७ च्या आसपास. आता सांगा, ३३.४ चा पाईप ३२ च्या कपलरमध्ये कसा शिरणार? आणि ३२ चा पाईप ३३.४ च्या कपलरमध्ये घातला की तो आत हलतो. आपण वर सोल्युशन ओततो, ते त्या फटीत भरतं, दोन दिवस धरतं, तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात चिखल.

दीड मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही हो. हातात धरून तर अजिबात कळत नाही.

जीआयची गंमत तर आणखी वेगळी. दीड इंची जीआय पाईप घ्या आणि फूटपट्टी लावा. बाहेरून ४८.३ मिलिमीटर, आतून जाडीप्रमाणे ४२ च्या आसपास. दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटर, ते त्या पाईपवर कुठेच सापडत नाही! ते फक्त नाव आहे, जुन्या काळापासून चालत आलेलं. म्हणून जीआयच्या बाबतीत नावावरच मागायचं, मोजून मागायचं नाही. आणि पीव्हीसीच्या बाबतीत मोजूनच मागायचं, नावावर विसंबायचं नाही.

जाळ्याच्या डोळ्याचं आपल्याला हे नीट कळतं. पूर्वी दोन बोटं, तीन बोटं म्हणून जाळं मागायचे. कुणाची बोटं? आता गाठ ते गाठ मिलिमीटरमध्ये मागतो आणि घरी आल्यावर पट्टी लावून बघतो. पाईपला मात्र अजून बोटं चालू आहेत.

घरी व्हर्नियर कुणाकडे नसतो, गरजही नाही. जाळ्याचा दोरा घ्या. पाईपभोवती एक वेढा घट्ट द्या, जिथे दोरा भेटतो तिथे नखाने खूण करा आणि पट्टीवर ठेवा. घेर दहा सेंटिमीटर आला तर तो ३२ चा पाईप. साडेदहा आला तर तो सॅनिटरीवाला एक इंची किंवा जीआय. नऊच्या आसपास आला तर सीपीव्हीसी. छोट्या पाईपला ७८ मिलिमीटर घेर म्हणजे २५ चा आणि ८४ म्हणजे पाऊण इंची सॅनिटरी. डोळ्याला न दिसणारा दीड मिलिमीटर दोऱ्यावर पाच मिलिमीटर होऊन दिसतो, कारण घेर हा जाडीच्या तिपटीहून थोडा जास्त असतो. आपल्या एका सभासद बाईंनी मागच्या उन्हाळ्यात असा दोराच दुकानात नेला. दुकानातला पोरगा हसला, पण कपलर बरोबर निघाला.

त्याहून सोपं म्हणजे जुन्या पाईपचा चार बोटं तुकडा कापून पिशवीत न्यावा. "चालेल हो, बसेल" असं म्हणणाऱ्यासमोर तुकडा ठेवायचा आणि बसवून दाखव म्हणायचं. तालुक्याच्या एका दुकानात मला तीनदा "बसेल" म्हणून दिलेले जोड तीनदा परत न्यावे लागले. तुकडा नेल्यापासून हा प्रकार थांबला.

आता काळ्या पाईपचं. झऱ्यावरून पाणी आणणारे सगळे हाच वापरतात, आणि बरोबरच करतात. गुंडाळी येते, खडकावरून वाकते, मध्ये जोड कमी लागतात. पण काळा पाईप दोन जातीचा. एक आयएसआय शिक्क्याचा एचडीपीई, आयएस ४९८४ चा, निळ्या रेघांचा. तो बाहेरच्या मापावर, म्हणजे ३२ म्हटलं की बाहेरून ३२. दुसरा साधा, स्वस्त, तो आतल्या मापावर विकतात आणि त्याला आत घालायचा खाचांचा जॉइंटर आणि वरून क्लिप लागते. दोन्ही लांबून सारखेच दिसतात. अर्धी लाईन एकाची आणि अर्धी दुसऱ्याची असली की मधला जोड कुठल्याच दुकानात मिळणार नाही.

आणि एक लक्षात ठेवा, काळ्या पाईपला पीव्हीसीचं सोल्युशन चिकटत नाही. कितीही लावा. वाळल्यावर ते सालीसारखं सुटतं. एचडीपीईला आवळून बसवायचा कॉम्प्रेशन जोड लागतो, नाहीतर मशीनने तापवून टोकं जोडायची. कॉम्प्रेशन जोड महाग वाटतो, पण हाताने उघडतो, दुसरीकडे परत वापरता येतो. आमच्या बाजूला तर हेच हवं. हत्तीने नाहीतर गव्याने लाईन तुडवली तर तेवढा तुकडा कापून दोन जोडांत नवीन घालता येतो.

झऱ्याच्या लाईनीत आणखी एक गोष्ट आहे जी जोड फुटण्याचं खरं कारण असते, आणि दोष मात्र जोडाला जातो. दहा मीटर उंचीला साधारण एक किलोचा दाब येतो. झरा घरापेक्षा साठ मीटर वर असेल आणि खाली नळ बंद केला, तर नळाजवळच्या जोडावर सहा किलोचा दाब बसतो. पाईपवर ४ किलो लिहिलेलं असेल तर तो कधीतरी जाणारच. नळ चालू असताना काही होत नाही, रात्री बंद केला की सुटतो. म्हणून लोक म्हणतात, रात्री कुणीतरी येऊन ओढतं! कुणी ओढत नाही. एवढ्या उतारावर मध्ये एक छोटी टाकी किंवा पिंप ठेवा, पाणी त्यात पडू दे, तिथून दुसरी लाईन काढा. दाब तिथे शून्य होऊन परत मोजायला लागतो. पिंपाला लागतो फक्त एक टँक निपल आणि एक बॉल वॉल्व्ह. बॉल वॉल्व्ह नसला की पिंप रात्रभर वाहत राहतं, म्हणून तोही पेटीत हवा.

आटे असलेल्या जोडाबद्दल एवढंच, की लोखंडी निपल प्लास्टिकच्या सॉकेटात पाना लावून आवळू नका, सॉकेट उभा चिरतो. चीर बारीक असते, सुरुवातीला फक्त ओल दिसते. जिथे नळ बसवायचा तिथे पितळी आटे असलेला जोड घ्या. थोडा महाग पडतो, पण घेऊन ठेवा. टेफ्लॉन टेप फिटिंग ज्या दिशेला फिरवणार त्याच दिशेला गुंडाळायची, उलटी गुंडाळली की बसवताना सुटून गोळा होते.

सोल्युशन लावताना पाईप कोरडा हवा. आपल्याकडे हे बोलायला सोपं आहे. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोरडा पाईप म्हणजे घरात चुलीशेजारी ठेवलेलाच. म्हणून लाईनीची कामं पावसात करू नका, आणि अडलीच तर तुकडे घरात जोडून मग बाहेर न्या. लावल्यावर पाव फेरा फिरवून अर्धा मिनिट दाबून धरा आणि पूर्ण दाब दुसऱ्या दिवशी द्या.

आणि ते चुलीवर तोंड फुगवणं! सांडपाण्याला चालेल एकवेळ, पण पिण्याच्या पाण्याच्या दाबाला नको. तिथे पाईपची जाडी कमी होते आणि पहिल्यांदा तिथेच फुटतो. शिवाय पीव्हीसी करपला की निघणारा धूर छातीला वाईट. घरातली लहान मुलं तिथेच बसलेली असतात. कापलेले तुकडेसुद्धा शेकोटीत टाकू नका.

आता सांगाड्यांकडे येतो, कारण होडीवाल्यांना तेच हवं आहे.

पीव्हीसीचे जोड पाण्याच्या लाईनीसाठी बनतात. पाण्याला डावीकडे किंवा उजवीकडे वळायचं असतं, म्हणून एल्बो आणि टी दोन्ही एकाच पातळीत असतात. पण मांडवाच्या कोपऱ्यात तीन पाईप तीन दिशांना जातात, एक खाली, एक लांबीला, एक रुंदीला. असा तीन तोंडांचा कोपरा आपल्याकडच्या दुकानात विचारलात तर दुकानदार आपल्याकडेच बघत बसतो. ऑनलाइन मिळतो, फर्निचर बनवणाऱ्यांसाठी. पण तिथेही एक इंची म्हणजे ३२ की ३३.४ हे बघूनच मागवा, कारण इथून पार्सल परत पाठवणं म्हणजे आणखी एक दिवस.

त्याच्याशिवायही काम होतं. खांबावर आधी टी बसवायचा, त्याचं आडवं तोंड रुंदीकडे. टीच्या वर बोटभर पाईपचा तुकडा, आणि त्यावर एल्बो, लांबीकडे वळवलेला. झाला कोपरा. दोन आडवे पाईप एकमेकांपेक्षा थोडे वरखाली येतात एवढंच. सुकवण्याच्या मांडवाला त्याने काही बिघडत नाही, वर जाळी ताणली की कळतसुद्धा नाही. मांडवाला सोल्युशन न लावता एक एक स्क्रू मारला तर पावसाळ्यात सगळं सोडून आत ठेवता येतं. उन्हात पीव्हीसी दोनचार वर्षांत ठिसूळ होतो, म्हणून वरून रंगाचा एक हात द्यावा.

पिंजऱ्याला मात्र पीव्हीसीवर विसंबू नये असं माझं मत आहे. काही जण ११० चा पाईप दोन्हीकडून टोपी लावून तरंगायला वापरतात. हिशेब केला तर एक मीटर पाईप साधारण साडेनऊ लिटर पाणी बाजूला सारतो, त्याचं स्वतःचं वजन वजा करून आठ किलोच्या आसपास उचलतो. सहा मीटरची एक लांबी म्हणजे जेमतेम एक माणूस, तोही सडपातळ. दोनशे लिटरचं निळं पिंप जवळजवळ १९० किलो उचलतं. आणि टोपीचा जोड जरा झिरपला की आख्खा पाईप पाण्याने भरतो. वापरायचाच असेल तर आत झाकण लावलेल्या रिकाम्या बाटल्या भरून मग टोपी लावा, म्हणजे झिरपला तरी बुडणार नाही.

पिंजऱ्याचा सांगाडा जीआयचाच. सरकारी योजनेतले पिंजरेही सहसा तसेच येतात. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० साली आली. तिच्यात जलाशयातल्या एका पिंजऱ्याचा खर्च तीन लाख धरला, त्यात सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के मदत. चांगली गोष्ट. पण तीन वर्षांनी कोपरा गंजला तर त्या कोपऱ्याला कुठली योजना नाही. तो आपणच बदलायचा.

कोपरा का गंजतो? कारण तो वेल्डिंग केलेला असतो. वेल्डिंग करताना जस्ताचा थर जळतो आणि नेमकं तिथेच उघडं लोखंड राहतं. वरून रुपेरी रंग मारला की सुंदर दिसतं, आतून खातं. मारायचाच तर जस्त असलेला रंग मारा, नुसता रुपेरी नको. आणि वेल्डिंग करणाऱ्या पोरांना सांगा, जीआय जळताना निघणारा पांढरा धूर श्वासात घेऊ नका, रात्री थंडी वाजून ताप भरतो. मलेरिया समजून गोळ्या खाल्लेले लोक मला माहीत आहेत.

वेल्डिंगला पर्याय आहे आणि तो आपल्या डोळ्यासमोर असतो. मोठी इमारत बांधताना परांची बांधतात ना, लोखंडी पाईपची? ते पाईप बहुतेक ठिकाणी दीड इंचीच, बाहेरून ४८.३. त्यांना एकमेकांना काटकोनात धरणारे क्लॅम्प असतात, दोन बोल्टांचे. तोच क्लॅम्प आपल्या दीड इंची जीआयला बसतो. बेळगावला, हुबळीला सेंट्रिंगचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतो, मडगावकडेही. एक काटकोनी येतो आणि एक फिरणारा. घेताना पाईपचा तुकडा न्यायचाच, कारण त्यातही बारीक मापाचे निघतात. वेल्डर नको, जनरेटर नको, पाण्यावर होडीत बसून पान्याने कोपरा बदलता येतो. वर्षातून एकदा बोल्टला ग्रीस.

जीआय घेताना रंगाचा पट्टा बघा. पिवळा म्हणजे हलका, निळा मध्यम, लाल जड. पिंजऱ्याला निळा तरी हवा. निळ्या पट्ट्याच्या दीड इंची पाईपची सहा मीटरची लांबी साधारण २१ किलो भरते, वजनकाट्यावर ठेवून बघा. वजन कमी आलं तर पट्टा नुसता रंगवलेला आहे. तसंच आयएसआय शिक्क्याखाली परवान्याचा नंबर असतो, तो 'बीआयएस केअर' नावाच्या मोबाईल ॲपमध्ये घातला की खरा की खोटा ते कळतं. आपल्या पोरांना हे दोन मिनिटांचं काम आहे.

(जलाशयात नवीन काही बांधायचं तर मत्स्य खातं, धरणवाले आणि वनखातं यांची परवानगी लागते, आपला भाग काळी व्याघ्र प्रकल्पात येतो. तो विषय वेगळा, त्यावर पुन्हा लिहीन. इथे फक्त जे आहे ते नीट जोडण्याबद्दल.)

आता मूळ मुद्दा. दोनच मापं कशाला?

आपल्या गावाचं स्टेशन बघा. १८८० च्या दशकात ही लाईन झाली तेव्हा खाली गोवा पोर्तुगीजांचा आणि वर इंग्रजांचं राज्य. तिकडून वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे आली, इकडून सदर्न मराठा रेल्वे. सरकारं दोन, कंपन्या दोन, नाणं वेगळं. इकडे कॅसलरॉकला आणि तिकडे कुळेला जकातीची तपासणी. पण रुळांची रुंदी दोघांनी एकच ठेवली, एक मीटर. म्हणून मुरगावहून निघालेली वाघीण घाट चढून तशीच पुढे लोंढ्याला जायची. माल उतरवून दुसऱ्या डब्यात भरायची गरज पडली नाही. नव्वदच्या दशकात मीटरगेज उखडून ब्रॉडगेज टाकला तेव्हा गाडी बंद ठेवावी लागली, आणि त्या काळात खाली गोव्यात जायचं म्हणजे काय व्हायचं ते चाळिशीपुढच्या सगळ्यांना आठवतं. माप बदललं की काय होतं ते आपण बघितलेलं आहे.

आपल्या चाळीसपन्नास घरांत आज पाईपची किमान पाच मापं आहेत. शेजाऱ्याकडे उरलेला एल्बो आपल्या कामाला येत नाही. प्रत्येकाच्या पडवीत न बसणाऱ्या जोडांची एक पिशवी लटकलेली आहे, ती कुणी टाकत नाही आणि वापरतही नाही. पुढच्या वेळी बदलताना सगळ्यांनी पाण्याला ३२ मिलिमीटर, म्हणजे शेतीचा पीव्हीसी आणि निळ्या रेघांचा एचडीपीई, दोघांचं बाहेरचं माप एकच, आणि सांगाड्याला दीड इंची जीआय एवढं पाळलं, तर चारपाच वर्षांत गावभर एकच जोड चालेल. आत्ता चालू असलेली लाईन उखडा असं कुणी म्हणत नाही. आणि ज्यांच्याकडे पाणी थोडं आहे त्यांनी २५ वापरावा, त्यांच्यासाठी ३२ ते २५ चे रिड्यूसर पेटीत ठेवू.

पेटीत काय असावं? ३२ चे कपलर सगळ्यात जास्त, कारण तुटतं ते मध्येच. एल्बो आणि टी त्याच्या निम्मे. कॉम्प्रेशन कपलर, काळा आणि करडा पाईप एकमेकांना जोडायचे अडॅप्टर, पितळी आट्यांचे नळजोड, बॉल वॉल्व्ह, टँक निपल, टोप्या, सोल्युशनचे छोटे डबे. मोठा डबा उघडला की घट्ट होऊन वाया जातो, म्हणून छोटेच. आणि जीआयचे काटकोनी व फिरणारे क्लॅम्प, जास्तीचे बोल्ट. एवढंच. शॉवर आणि बेसिन संस्थेने ठेवायचं नाही.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं मी मांडतो, कारण ते अगदीच चुकीचं नाही. "संस्था काय हार्डवेअरचं दुकान आहे का?" हा पहिला प्रश्न. दुसरा, पैसे अडकून पडतील. तिसरा, उधारीवर नेतील आणि वसूल कोण करणार, सेक्रेटरी दारोदार फिरणार का?

पहिल्याचं उत्तर असं की जाळं आणि दोरा संस्था देतेच. तेव्हा कुणी जाळ्याचं दुकान म्हटलं नाही. ज्या वस्तूसाठी सभासदाचा कामाचा दिवस बुडतो ती वस्तू जवळ ठेवणं हे संस्थेचंच काम. बाजारात सहज मिळते ती ठेवू नये, म्हणून मी पाईप ठेवा म्हणत नाही, फक्त जोड म्हणतो. दुसऱ्याचं उत्तर, जोड नासत नाहीत. मासळी पडून राहिली तर बर्फ जातो, एल्बो दहा वर्षं पेटीत राहिला तरी एल्बोच. एकगठ्ठा घेतल्यावर दरही खाली येतो, बिलावर येतो, शिक्क्याचा माल मागता येतो. एकट्यादुकट्याला दोन कपलरसाठी दुकानदार कुठला शिक्का दाखवणार?

तिसरा प्रश्न मात्र खरा आहे. उधारी नको, हेच माझं मत. रोख किंवा मासळीच्या हिशेबातून त्याच दिवशी वळती. खरेदीची किंमत अधिक गाडीभाडं, वर एक पैसा नाही. काम झाल्यावर न वापरलेला, सोल्युशन न लागलेला जोड परत आणला तर पैसे परत. आणि वही माझ्याकडे नको, महिला बचत गटाकडे द्यावी असं मी सुचवणार आहे. पाणी आणायचं काम कोण करतं ते सगळ्यांना माहीत आहे, लाईन तुटली की पहिली घागर कुणाच्या डोक्यावर येते तेही. कुठला जोड किती लागतो हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

काही जण म्हणतील, खानापूरला जाणारा कुणी ना कुणी असतोच, त्याला सांगावं. सांगतो की. तो "एक इंची एल्बो" म्हणून आणतो आणि आपण वर वाचलं तेच होतं.

सभेपर्यंत एक काम करा. घरातल्या चालू लाईनीचा घेर दोऱ्याने मोजा, आणि आकडा, पाईपचा रंग आणि काळा असेल तर निळी रेघ आहे की नाही, एवढं इथे खाली लिहा किंवा ऑफिसात सांगा. पिंजरा असणाऱ्यांनी कोपऱ्यांची संख्या आणि त्यातले किती गंजले ते सांगावं. होडीवाल्यांनी ताडपत्रीच्या सांगाड्याला कुठला पाईप आहे ते. पैसे आत्ता कुणी देऊ नका, आकडे हवेत. ते जमले की बेळगाव आणि मडगाव दोन्हीकडचे दर मागवून सभेपुढे ठेवतो, आणि पडवीतल्या त्या पिशव्याही सभेला घेऊन या, तिथेच ओतून कुणाचं कुणाला बसतंय ते बघू.